निजिन्स्कीच्या वाट्याचे श्रेय

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोपीय संगीतावर जो लेख आला, त्यात इगोर स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेला चार परिच्छेद दिलेले आहेत. मराठी दैनिकाने या विषयासाठी अर्धे पान द्यावे याचा मला मनापासून आनंद झाला आणि लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनात मात्र अडखळलो. हे संगीत ऐकूनच पॅरिसच्या श्रोत्यांनी दंगल केली असे लेखक म्हणतात, आणि त्या संगीताला त्यांनी ‘बेताल’ असे विशेषण लावले आहे. या साऱ्याचा आपल्याशी काही संबंध नाही, असेही एक वाक्य त्यात आहे. ज्याने हा बॅले बसवला त्या वास्लाव निजिन्स्कीचे नाव साऱ्या लेखात एकदाच येते, तेही कंसात. माझे म्हणणे मुख्यतः त्या कंसाविषयी आहे.

मी पस्तीस वर्षे कथकच्या वर्गांना तबल्याची साथ केली. पाश्चात्त्य संगीत मी रीतसर शिकलेलो नाही. जे काही जाणतो ते ध्वनिमुद्रिका ऐकून आणि मिळेल ते वाचून. पण नाचणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवून वाजवण्यात आयुष्य गेल्यामुळे, नाचासाठी म्हणून लिहिल्या गेलेल्या संगीताची हकिकत सांगताना नाचच गाळला, की मला चैन पडत नाही.

या बॅलेचा पहिला प्रयोग २९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या आव्हेन्यू माँतेन्यवरील शाँझ-एलिझे नाट्यगृहात झाला. नाट्यगृह नवेकोरे होते. त्याचे दरवाजे उघडून दोन महिनेही झाले नव्हते. सर्गेई दियागिलेव्हची ‘बॅले रूस’ ही मंडळी १९०९ पासून दर उन्हाळ्यात पॅरिसला येत असे आणि स्ट्राव्हिन्स्कीचे ‘फायरबर्ड’ (१९१०) व ‘पेत्रुश्का’ (१९११) हे दोन्ही बॅले तिने गाजवलेले होते, म्हणजे त्याचे संगीत पॅरिसकरांना अनोळखी नव्हते. ‘राइट’ची कल्पना स्ट्राव्हिन्स्की आणि चित्रकार निकोलाय रोरिक या दोघांनी मिळून रचली होती. ख्रिस्तपूर्व धर्म पाळणाऱ्या प्राचीन रशियातील एक टोळी वसंताच्या आगमनाला पृथ्वीची आराधना करते आणि शेवटी एका निवडलेल्या मुलीला मरेपर्यंत नाचवून तिचा बळी देते, एवढेच कथानक. नेपथ्य आणि वेशभूषा रोरिकची, वाद्यवृंदाचे संचालन पियेर माँतोचे आणि नृत्यरचना निजिन्स्कीची. निजिन्स्की तेव्हा विशीतला होता आणि नर्तक म्हणून युरोपभर त्याचे नाव झालेले होते. रचनाकार म्हणून मात्र त्याच्या नावावर दोनच बॅले होते.

त्या रात्री प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला, शिट्ट्या वाजल्या, बाजूचे आणि विरोधातले प्रेक्षक एकमेकांवर धावले, यात शंका नाही. पोलिसांच्या आणि हाणामारीच्या गोष्टी पुढच्या आठवणींमधून वाढत गेल्या. एक गंमत सांगतो. अमेरिकन समीक्षक कार्ल व्हॅन व्हेक्टन याने लिहिले आहे की मागे बसलेला एक तरुण लयीत इतका बुडून गेला, की तो मुठींनी व्हॅन व्हेक्टनच्याच डोक्यावर ठेका धरू लागला. आणि व्हॅन व्हेक्टन स्वतःही इतका गुंगला होता, की काही वेळ त्याला ते ठोसे जाणवलेच नाहीत. पहिल्या रात्रीची म्हणून ही हकिकत जिकडेतिकडे सांगितली जाते. अभ्यासकांनी तारखा ताडून पाहिल्या तेव्हा हे गृहस्थ दुसऱ्या प्रयोगाला बसले होते असे निघाले. तेव्हा ‘दंगल’ हा शब्द वापरताना हात जरा आखडता घ्यावा, एवढेच मी सुचवीन. आणि बेताल म्हटल्या जाणाऱ्या संगीतावर कोणी शेजाऱ्याच्या डोक्यावर का होईना पण ठेका धरतो, हेही ध्यानात घ्यावे.

आता गोंधळाच्या कारणाकडे येतो. एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पडदा वर जाण्यापूर्वी, सुरुवातीच्या बासूनच्या एकल वादनापासूनच प्रेक्षागृहात कुजबुज आणि हशा सुरू झाला होता, असे खुद्द स्ट्राव्हिन्स्कीने सांगितले आहे. बासून हे खर्जातले फुंकवाद्य. ते इथे त्याच्या अगदी वरच्या, ताणलेल्या स्वरांत एक लिथुआनियन लोकगीत गाते. तो आवाज कोणत्या वाद्याचा हे जाणकारांनाही चटकन कळू नये असा आहे. तरीही खरे वादळ उठले ते पडदा वर गेल्यानंतर, असे तोच सांगतो. आणि हेच संगीत, हाच नाच आदल्या दिवशी निमंत्रितांसमोरच्या रंगीत तालमीत कसलाही गोंधळ न होता पार पडला होता.

पडदा वर गेल्यावर प्रेक्षकांना जे दिसले ते आज कल्पनेत उभे करायचे, तर बॅलेचा मूळ दंडक आठवावा लागतो. बॅलेच्या शिक्षणात मूल पहिल्या दिवसापासून पाय मांडीच्या सांध्यातून बाहेर वळवायला शिकते. टाचा जुळलेल्या, पंजे दोन बाजूंना. शरीर जमिनीपासून सुटल्यासारखे दिसावे, उडीनंतरचे उतरणे कोणाला ऐकूही येऊ नये, ही त्या कलेची दोन-अडीचशे वर्षांची कमाई. निजिन्स्कीने पंजे आत वळवले. गुडघे वाकवले, कोपरे अंगाशी आणली, माना एका बाजूला कलवल्या, आणि नर्तकांना उड्या अशा मारायला लावल्या की दोन्ही पाय धपकन जमिनीवर आदळावेत. गालाशी हात नेऊन मान तिरकी धरलेल्या मुलींचा एक समूह पुढे येतो, तो पाहून प्रेक्षागृहातून दातांच्या डॉक्टरला बोलावण्याच्या आरोळ्या उठल्या, अशी आठवण त्या प्रयोगाशी संबंधित असलेल्या मारी राँबेर हिने सांगितली आहे. आरोळी मारणारा कानाने दुखावलेला नव्हता. त्याला जे खटकले ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

आपल्याकडच्या नाचाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हा धक्का किती मोठा होता ते लवकर कळेल. भरतनाट्यममध्ये अरमंडीत बसलेल्या मुलीचे गुडघे बाहेरच्या दिशेने उघडलेले असतात. एखादीने रंगमंचावर येऊन ते जाणूनबुजून आत मिटले आणि तासभर तसेच ठेवले, तर पहिल्या रांगेतले गुरुजन काय म्हणतील? कदाचित ओरडणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्या संध्याकाळच्या मृदंगाविषयी कोणी बोलणार नाही, हे नक्की.

पॅरिसमध्येही तसेच झाले. त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्री परीक्षणांत नृत्यरचनेवर जितकी झोड उठली, तितका विचार संगीताचा झाला नाही, कारण गोंगाटात ते अनेकांना धड ऐकूच आले नव्हते. पुढच्या एका प्रयोगाला इटालियन ऑपेरा-रचनाकार पुचिनी हजर होता. त्याने घरच्या प्रकाशकाला पाठवलेल्या पत्रात नृत्यरचना हास्यास्पद आणि संगीत नुसता कोलाहल ठरवले, पण त्यात काहीतरी नवेपण आणि प्रतिभा आहे हेही तो लिहून गेला. उलट बाजूने झाक रिव्हिएर या फ्रेंच समीक्षकाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘नूव्हेल रव्ह्यू फ्रांसेझ’ मासिकात दीर्घ लेख लिहिला, त्यात निजिन्स्कीचे काम संगीताच्या तोडीचे मानून त्याची बारकाईने चिकित्सा केली आहे. सगळेच आंधळे होते असे नाही.

माझ्या मते निर्णायक पुरावा मात्र पुढच्या वर्षीचा आहे. ५ एप्रिल १९१४ रोजी त्याच माँतोने त्याच पॅरिसमध्ये, कझिनो द पारी या ठिकाणी, हे संगीत नाचाशिवाय, निव्वळ मैफल म्हणून वाजवले. त्या दिवशी श्रोत्यांनी स्ट्राव्हिन्स्कीला खांद्यावर उचलून रस्त्यावर आणले. मधल्या दहा महिन्यांत संगीतातला एकही कर्कश स्वर गोड झालेला नव्हता. रंगमंचावरून नाच तेवढा गेला होता.

आता ‘बेताल’ या विशेषणाकडे वळतो, आणि इथे मला जरा विस्ताराने लिहू द्यावे, कारण हा माझ्या हातातला विषय आहे. पडदा वर जातो तेव्हा तारवाद्ये एकच स्वरमेळ (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) पुन्हापुन्हा आघात केल्यासारखा वाजवू लागतात. खरे तर ते दोन स्वरमेळ आहेत. खालच्या वाद्यांत एक, आणि वरच्या वाद्यांत त्याच्यापासून अर्ध्या स्वराच्या अंतरावरचा दुसरा, एकमेकांवर दाबून बसवलेले. गज प्रत्येक वेळी खालच्याच दिशेने ओढायचा असतो, त्यामुळे प्रत्येक ठोका वजनदार आणि सुटा पडतो. स्वर बदलत नाही, लय हलत नाही. बदलते ते वजन कुठे पडते एवढेच, आणि ज्या ठोक्यावर वजन पडते त्यावर आठ हॉर्न (पितळी फुंकवाद्ये) एकदम भुंकल्यासारखे वाजून जातात.

पहिल्या तुकडीत असे बत्तीस ठोके आहेत. बत्तीस म्हणजे आपल्या सोळा मात्रांच्या त्रितालाची बरोबर दोन आवर्तने. हे लक्षात आल्यावर मी एका दुपारी नातीला समोर बसवले. मी टेबलावर हाताने त्रिताल धरला, पहिलीवर, पाचवीवर आणि तेरावीवर टाळी, नववीवर खाली, म्हणजे टाळीशिवायची मात्रा; आणि हॉर्न वाजेल त्या मात्रेवर तिने चमच्याने स्टीलची वाटी वाजवायची असे ठरले. पहिल्या नऊ मात्रा वाटी गप्प. दहावीवर वाजली, लगेच बारावीवर वाजली. मग थेट दुसऱ्या आवर्तनात, अठरावीवर, म्हणजे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) होऊन एक मात्रा उलटल्यावर. नंतर एकविसावी, पंचविसावी आणि तिसावी. म्हणजे ठोक्यांचे गट नऊ, दोन, सहा, तीन, चार, पाच, तीन असे पडतात; बेरीज बत्तीस. दुसऱ्या आवर्तनात वाटी एकदा टाळीवर आणि एकदा नेमकी खालीवर पडते, त्यामुळे हाताला क्षणभर वाटते की सापडले, आणि पुढच्याच फेरीला ते निसटते. दोन्ही समा कोऱ्या जातात. मूळ लयीत हे सारे दहा सेकंदांच्या आत आटोपते. आम्ही निम्म्याहून कमी लयीत धरले तरी सहाव्या प्रयत्नाला जमले, आणि वाटीला एक पोचा आला.

ज्याला बेताल म्हणतात ते असे नसते. बेतालात मोजणी हरवते. इथे मोजणी एका मात्रेनेही हलत नाही. जे नाही ते समेचे आश्वासन. आपला श्रोता तिहाई (तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा) ऐकताना मनात समेची वाट पाहत असतो आणि ती आली की मान हलवतो. पाश्चात्त्य श्रोत्यालाही दर विभागाच्या पहिल्या मात्रेवर वजन पडेल अशी सवय होती. स्ट्राव्हिन्स्कीने कागदावर विभाग अगदी साधे, सारखेच लिहिले आणि वजन मात्र त्या साच्यातून काढून घेतले. अखेरच्या बळीच्या नृत्यात तर तो साचाही राहत नाही; दोन, तीन, पाच अशा छोट्या एककांचे विभाग जवळजवळ दर वेळी लांबी बदलत जातात. या संगीतासाठी लेखकांना विशेषण हवेच असेल, तर ‘विषम आघातांचे’ म्हणता येईल. ऐकायला रुक्ष वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही.

हे सगळे नाचणाऱ्यांना पायात बसवायचे होते. रशियाच्या शाही नृत्यशाळेत घडलेले नर्तक सुरावटीच्या आधाराने नाचत आलेले. इथे धरायला सुरावट नाही, नुसते आकडे. म्हणून दियागिलेव्हने झाक-दालक्रोझ याच्या लयशिक्षणाच्या संस्थेतून वर उल्लेखलेल्या मारी राँबेरला मदतीला आणले. ही पोलंडमध्ये जन्मलेली तरुणी दिवसभर मात्रा मोजून घेत असे, म्हणून नर्तकांनी तिला ‘रिद्मिच्का’ असे चिडवण्याचे नाव ठेवले. प्रत्यक्ष प्रयोगात गोंगाटामुळे नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडत होता आणि तो तोल जाऊन रंगमंचावर पडू नये म्हणून स्ट्राव्हिन्स्कीने त्याचा कोट मागून धरून ठेवला होता. स्ट्राव्हिन्स्की पुढे म्हणाला की रशियन भाषेत दहाच्या पुढचे आकडे फार लांबलचक, अठराला ‘व्होसेम्नाद्त्सात’ म्हणावे लागते, तेव्हा जलद लयीत आकडा उच्चारून होईपर्यंत मात्रा निघून जायची. साथीला बसून पढंत करणाऱ्या, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणाऱ्या, कोणालाही यातली तारांबळ वेगळी सांगायला नको. खाली माँतो मात्र मगरीसारखा निर्विकारपणे हात चालवत राहिला आणि त्याने वाद्यवृंद शेवटच्या स्वरापर्यंत नेला. बळीची मुलगी म्हणून मारिया पिल्त्झ नाचली. ती भूमिका मुळात निजिन्स्कीने आपली बहीण ब्रोनिस्लावा हिच्यावर बसवली होती. ती गरोदर राहिल्यामुळे ऐन वेळी बदल करावा लागला. पिल्त्झ वर्तुळाच्या मध्यभागी बराच वेळ निश्चल उभी राहते, गुडघे तेवढे थरथरतात, आणि मग अखेरचा नाच सुरू होतो.

एवढे सगळे झाल्यावर निजिन्स्कीचे नाव कंसात का गेले, याचे कारण मला कलेपेक्षा कागदात दिसते. पॅरिस आणि लंडन मिळून या रूपातले प्रयोग जेमतेम आठ-नऊ झाले. लंडनचा प्रेक्षक बराच शांत होता. त्याच सप्टेंबरात दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात निजिन्स्कीने ब्वेनोस आयरेसला लग्न केले, संतापलेल्या दियागिलेव्हने त्याला मंडळीतून काढले, आणि पाठोपाठ महायुद्ध आले. १९२० मध्ये दियागिलेव्हला ‘राइट’ पुन्हा रंगमंचावर आणायचे होते, तोवर जुनी रचना कोणालाच सलग आठवत नव्हती. म्हणून लेओनिद मासीनकडून नवी बसवून घेतली. संगीताचे तसे झाले नाही. चार हातांनी पियानोवर वाजवायची आवृत्ती १९१३ मध्येच छापून झाली होती, पूर्ण वाद्यवृंदाची १९२१ मध्ये आली. छापील वही कुठेही पाठवता येते. नाचाची वही नव्हतीच.

आणि ती अशक्य होती असेही नाही. रशियाच्या शाही नृत्यशाळेत स्तेपानोव्हची नृत्यलिपी शिकवली जात असे. तिच्याच आधाराने स्वतःची लिपी तयार करून निजिन्स्कीने १९१५ मध्ये बुडापेस्टला नजरकैदेत असताना आपला पहिला बॅले, देब्यूसीच्या संगीतावरचा ‘आफ्टरनून ऑफ अ फॉन’, पूर्ण उतरवून काढला. ती वही ब्रिटिश लायब्ररीत राहिली, १९८० च्या दशकात तिचा उलगडा झाला, आणि आज तो बॅले त्याच्या मूळ खुणांवरून नाचता येतो. ‘राइट’ला हे भाग्य लाभले नाही. ‘झ’ या बॅलेलाही नाही. तोही निजिन्स्कीचा आणि देब्यूसीच्याच संगीताचा, त्याच नाट्यगृहात १५ मे १९१३ रोजी सादर झालेला. ‘राइट’च्या गदारोळाने तो दोन आठवड्यांतच झाकला गेला. देब्यूसीचे ते संगीत मैफलींत आजही वाजते. त्यावरचा नाच गेला तो गेलाच.

स्ट्राव्हिन्स्कीनेही मित्राच्या बाबतीत सरळ हिशेब ठेवला नाही. १९१३ च्या जुलैमध्ये एका पत्रात तो निजिन्स्कीची रचना अतुलनीय आहे, थोडे अपवाद सोडता सर्व आपल्या मनासारखे झाले, असे लिहितो. १९३५ च्या आत्मचरित्रात तोच निजिन्स्की संगीतातले काहीही न कळणारा बिचारा मुलगा होऊन जातो. तोवर निजिन्स्की मनोविकाराने ग्रस्त होऊन दीड दशक उलटले होते आणि उत्तर देणारा कोणी नव्हता. नाचाच्या बाजूने बोलेल असा कागदही नव्हता, त्यामुळे पुढच्या पुस्तकांत संगीतकाराचाच शब्द शिरला. आपल्या लेखाचा मार्ग बहुधा तोच असावा. (याच स्ट्राव्हिन्स्कीने सुरुवातीची बासूनची चाल सोडता आपण लोकगीत कुठेही वापरले नाही असे सांगितले होते, त्याच्या कच्च्या वह्या १९६९ मध्ये छापल्या गेल्यावर लिथुआनियन गीतांच्या एका जुन्या संग्रहातल्या आणखी काही चाली त्यात सापडल्या. मोठ्या कलावंतांच्या आठवणी पुरावा म्हणून वापरताना सावध राहावे, हे मी मैफलीच्या धंद्यात फार लवकर शिकलो.)

मूळ नाच काही अंशी परत आला, तो मिलिसेंट हॉडसन या अमेरिकन नृत्याभ्यासिकेच्या चिकाटीमुळे. राँबेरने आपल्या पियानोच्या प्रतीवर केलेल्या नोंदी, स्ट्राव्हिन्स्कीच्या प्रतीवरच्या खुणा, व्हालेंतीन ग्रॉस या चित्रकर्तीने प्रयोग पाहताना काढलेली रेखाटने आणि राँबेरची प्रत्यक्ष मुलाखत, यांतून तिने कित्येक वर्षे जुळवाजुळव केली. रोरिकची वेशभूषा आणि नेपथ्य केनेथ आर्चरने शोधले. ३० सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिस इथे जॉफ्री बॅलेने ही पुनर्रचना सादर केली. तिच्यातला किती भाग निजिन्स्कीचा आणि किती हॉडसनच्या अंदाजाचा, यावर अभ्यासकांत वाद आहेत आणि ते रास्त आहेत. ती मी संगणकावर पाहिली. पाच-सहा गट एकाच वेळी वेगवेगळ्या मोजण्यांत पाय आपटत असतात आणि डोळा कोणत्या गटावर ठेवावा कळत नाही. पण त्यानंतर नुसते संगीत ऐकले, तर ते मला अर्धवट वाटू लागले आहे.

राहिला आपल्याशी संबंध नसल्याचा मुद्दा. लेखकांनी हे वाक्य ओघात लिहिले असावे. स्ट्राव्हिन्स्कीने हे संगीत ज्याला अर्पण केले तो रोरिक पुढे हिमालयात, कुलूच्या खोऱ्यातल्या नग्गर गावी येऊन राहिला आणि १९४७ मध्ये तिथेच वारला. त्याचा मुलगा स्वेतोस्लाव याची पत्नी म्हणजे मालाडच्या बॉम्बे टॉकीजची देविका राणी. बॅले रूसच्या १९०९ च्या पहिल्या हंगामात निजिन्स्कीबरोबर नाचलेली आना पाव्हलोव्हा मुंबईला येऊन गेली. तिने १९२३ मध्ये लंडनला ‘राधा-कृष्ण’ बसवताना तरुण उदय शंकरला कृष्ण म्हणून उभे केले, आणि मुंबईच्या लीला सोखी यांना आपल्या इथल्या नृत्याकडे वळण्याचे उत्तेजन दिले. लीलाबाई ‘मेनका’ या नावाने नाचल्या, त्यांच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत पारितोषिके मिळवली आणि त्यांनी खंडाळ्याला कथकची शाळा चालवली. त्यांचे पती डॉ. साहिबसिंग सोखी परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. मात्र याच पाव्हलोव्हाने ‘फायरबर्ड’मध्ये नाचायला नकार दिला होता, कारण स्ट्राव्हिन्स्कीचे संगीत तिला मानवले नाही. मुंबईकरांना बॅलेची ओळख झाली ती तिच्या ‘मरणारा हंस’ या नाचामुळे, बोटांच्या टोकांवर तरंगणाऱ्या पांढऱ्या आकृतीमुळे. बॅले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आजही तेच येते, आणि जमिनीवर पाय आपटणारा बॅले आपल्याला नाच म्हणून आठवतच नाही, त्याचे एक मूळ मला इथे दिसते.

आपल्या लेखासोबतच्या छायाचित्रातही तेच दिसते. पोटरीपर्यंत घोळ असलेल्या पांढऱ्या तलम झग्यातल्या, हात कमानदार उचललेल्या नर्तिका, आणि खाली ओळ ‘राइट ऑफ स्प्रिंगमधील दृश्य’. रोरिकची वेशभूषा जाड लोकरी अंगरख्यांची, त्यांवर हाताने रंगवलेल्या वर्तुळांची आणि पट्ट्यांची होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्यांतले काही नग आजही जपलेले आहेत. हे छायाचित्र ‘ले सिल्फीद’ या शोपँच्या संगीतावरच्या बॅलेचे असावे असे झग्यांवरून वाटते. तसे असेल तर चूक अगदीच अनाठायी नाही, कारण २९ मे १९१३ च्या त्या संध्याकाळी कार्यक्रमाची सुरुवात ‘ले सिल्फीद’नेच झाली होती, आणि त्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. निजिन्स्कीच्या मुली त्यानंतर आल्या. पुढच्या रविवारी छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी, आणि जागा असल्यास हॉडसनच्या पुनर्रचनेतले एखादे छायाचित्र, नृत्यरचनाकाराचे नाव कंसाबाहेर काढून, छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त तबलावादक, सांगली